खोबणीत कोण होतं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही, आणि उगीच नम्रपणाही दाखवत नाही. आई निपाणीत बिड्या वळायची. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, मी दहावीत असताना ते गेले. पुढे मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, परीक्षा देऊन बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले आणि दुसऱ्या वर्षी आईला इकडे घेऊन आले. मारतहळ्ळीला दोन खोल्या, खाली इस्त्रीवाला, समोर मोबाईलची दुकानं. संस्था शहराच्या पार उत्तरेला. सकाळी सातची बस पकडली तर नऊच्या आत पोचायचं, सव्वासातची पकडली तर कधी ते देवाला ठाऊक.

माझी सात वर्षं ज्याच्यावर गेली ते एक एन्झाइम. मातीतल्या एका जिवाणूच्या पेशीत ते असतं. हा जिवाणू दुसऱ्या जंतूंना मारायला एक अँटिबायोटिक बनवतो. आधी दहा तुकडे एकापुढे एक जोडून सरळ साखळी होते आणि शेवटी तिचं एक टोक दुसऱ्या टोकाला जोडून कडं करायचं असतं. कडं झालं तर औषध. सरळ राहिली तर तिचा काही उपयोग नाही, समोरचा जंतू तिला बघता बघता कुरतडून टाकतो.

कडं करण्याचं काम माझ्या एन्झाइमचं. ते साखळीचं एक टोक स्वतःला बांधून घेतं आणि दुसरं टोक वळून येईपर्यंत थांबतं. अडचण असते पाण्याची. पेशीत सगळीकडे पाणीच. पाण्याचा रेणू इवलासा आणि चपळ. तो आधी पोचला तर बांधलेलं टोक सोडवतो आणि साखळी सरळच्या सरळ सुटून वाया जाते. म्हणून एन्झाइम स्वतः पाण्यात बुडालेलं असलं तरी त्याच्या पोटात एक कोरडी खोबण राखलेली असते, वर हलणारं झाकण असतं आणि खोबणीचा आकार असा, की आत आलेल्या साखळीला वळण्यावाचून इलाज नाही. निदान आमचा तसा अंदाज होता. आमच्या एन्झाइमच्या खोबणीत वळलेली साखळी कुणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. ती पाहायची, हा माझा प्रबंध.

आईला हे मी एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं.

"म्हंजे बिडीचं तोंड दुमडल्यागत," ती म्हणाली.

"तसं नाही गं. बिडीची दोन तोंडं वेगवेगळी बंद करता. इथं एक टोक दुसऱ्या टोकाला जोडायचं."

"मग गजऱ्यागत. आधी न्हाई का सांगायचं? गजरा करायला सात वर्सं लागत्यात व्हय तुमास्नी?"

तेव्हा सात झाली नव्हती, पाच झाली होती. पण तिने मुद्दाम वाढवून सांगितली.

एन्झाइम म्हणजे एक प्रथिन, आणि प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्याचे आधी स्फटिक करावे लागतात. मिठाच्या खड्यासारखे, पण सुईच्या टोकाने धक्का लागला तरी भुगा होतील असे. तो स्फटिक क्ष-किरणांसमोर धरायचा, किरण फुटून ठिपक्यांची रांगोळी पडते, आणि त्या ठिपक्यांवरून संगणक नकाशा काढतो. नकाशा म्हणजे पडद्यावर निळ्या जाळीचे ढग. जिथे अणू तिथे जाळी दाट. त्या जाळीत साखळी बसवायची ती आपण, आपल्या हाताने, आपल्या नजरेने. चांगला स्फटिक असेल तर जाळी इतकी रेखीव येते की चूक करायची म्हटलं तरी होत नाही. माझा स्फटिक तसा नव्हता. माझ्या जाळीत धुकं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. प्रथिन शुद्ध करायची एक सोय असते. ते बनवून घेतानाच त्याच्या एका टोकाला हिस्टिडिन नावाच्या सहा तुकड्यांचं छोटं शेपूट जोडतात. निकेलच्या मण्यांना हे शेपूट चिकटतं आणि बाकीचा कचरा वाहून जातो. प्रथिन हाती आलं की शेपूट कापून टाकावं, असं शिकवतात. पुष्कळ जण कापत नाहीत. मी कापायला गेले, तर प्रथिन दुधासारखं पांढरं होऊन नळीच्या तळाशी बसलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी वहीत लिहिलं, शेपूट न कापता पुढे जात आहे, त्याने काही बिघडत नाही. आमच्या मॅडमनी पानावर सही केली. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. कमी बोलणाऱ्या, मूळच्या केरळच्या. त्यांच्याशी बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

क्ष-किरणांचं यंत्र सांभाळणारे गृहस्थ जयनगरचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, घरात मराठी, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. सगळी संस्था त्यांना अण्णा म्हणायची. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला अक्का म्हणायचे. यंत्राची पाळी मिळवायला त्यांची मर्जी लागायची, आणि मराठी बोलणारी म्हणून माझ्यावर ती जरा जास्त होती, हे मी कबूल करते.

एके दिवशी आम्ही दोन स्फटिक मोजले. एक नुसत्या प्रथिनाचा. दुसरा, साखळीच्या द्रावात दिवसभर भिजवलेला. खरी साखळी एन्झाइम लगेच उरकून टाकेल, म्हणून तिच्यासारखीच पण न तुटणारी एक साखळी आम्ही बनवून घेतली होती. नुसता स्फटिक कमी चांगला निघाला, त्याची आकडेमोड मी अर्धी करून ठेवून दिली. भिजवलेल्याच्या मागे लागले. तीन आठवड्यांनी जेव्हा नकाशा उघडला तेव्हा खोबणीत निळी जाळी होती. रिकामी असायला हवी तिथे काहीतरी होतं आणि ते वळलेलं होतं.

मी साखळी बसवली. दहापैकी सात तुकडे बसले. उरलेले तीन दिसत नव्हते. ते हलत असतील म्हणून दिसत नाहीत, असं मी म्हटलं, आणि असं खरंच होतं कधीकधी. साखळीतल्या एका तुकड्याला अणूंचं छोटं चपटं कडं असतं, ते जाळीतल्या चपट्या फुगवट्यात बरोबर बसलं. मी अण्णांना बोलावलं.

ते चष्मा वर करून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "वळलंय की, अक्का."

"वळलंय."

"सरी, बरं झालं. मग आता आमाला काय? तू डॉक्टर होशील, पेपरात फोटो येईल, मग अण्णा कोण म्हणशील."

मॅडमनी चित्र पाहिलं आणि त्या हसल्या. पाच वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी लगेच शोधनिबंध लिहायला घ्यायला सांगितलं. माझी मुदत संपत आली होती. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी सहसा देत नाहीत. निबंध गेला की पाठोपाठ प्रबंध द्यायचा, असं ठरलं. घरी येऊन मी आईला सांगितलं, सापडलं. तिने त्याच रात्री निपाणीला सहा फोन केले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवूनही टाकलं, की पोरगी डॉक्टर होऊन आली की शाळेच्या हॉलमध्ये साडी-नारळ द्यायचा. माझ्या आईबरोबर वीस वीस वर्षं सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेल्या बायका त्या. मी नको म्हटलं नाही. मला हवंच होतं ते.

निबंध तयार होत आला. सोमवारी सकाळी मॅडम म्हणाल्या, "चित्र चांगलं आहे. बाजूला रिकाम्या खोबणीचंही टाक. वाचणाऱ्याला फरक दिसू दे. नुसता स्फटिक मोजला होतास ना?"

"मोजला होता."

"मग एका दिवसाचं काम आहे. शुक्रवारी पाठवू."

आठ महिने तो डेटा माझ्या संगणकात पडून होता. तो आधी का बघितला नाही, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मी सांगायची, तो कमी चांगला होता, वेळ नव्हता. दोन्ही खरं आहे. पण त्या आठ महिन्यांत मी वेळात वेळ काढून चित्राच्या रंगसंगतीवर चार दिवस घालवले होते, हेही खरं आहे.

मंगळवारी दुपारी नकाशा उघडला. खोबण रिकामी नव्हती.

तीच जाळी, तेच वळण, त्याच जागी तो चपटा फुगवटा. या स्फटिकाने साखळीचा थेंबही पाहिला नव्हता.

आधी मला वाटलं, फाइल चुकीची उघडली. तपासली. बरोबर होती. मग मला काय करायचं ते माहीत होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. स्फटिकात आपलं प्रथिन एकटं नसतं, एकाला लागून एक अशी अब्जावधी एका शिस्तीत उभी असतात. पण पडद्यावर आपण एकच ठेवतो, शेजारची लपवून टाकतो, नाहीतर गर्दीत काही दिसत नाही. मी शेजारची दाखवायची कळ दाबली. शेजारच्या प्रथिनाचं टोक माझ्या खोबणीच्या तोंडाशी येऊन उभं होतं. पुसट भागही दिसावा म्हणून जाळी जरा सैल केल्यावर ते टोक आणि आतलं वळण यांच्यामध्ये पुसट धागा दिसला. तो सलग होता.

खोबणीत बसलं होतं ते शेजारच्याचं शेपूट. मी न कापलेलं. सहा हिस्टिडिन, आणि हिस्टिडिनलाही चपटं कडं असतंच, फक्त सहाऐवजी पाच कोनांचं. धुक्यात पाच कोनांचं काय आणि सहा कोनांचं काय, मला हवं ते मी पाहिलं होतं. साखळी आत गेलीच नव्हती, तिच्या आधीच जागा भरलेली होती.

मी पडदा बंद केला आणि नेहमीच्या बसने घरी आले.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस मी मॅडमना काही सांगितलं नाही. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. पहिल्या दिवशी, पडदा बंद करण्याआधीच, मी जाळीची पातळी, म्हणजे किती दाट असेल तेवढंच दिसावं ती मर्यादा, वरखाली करून पाहिली. एका ठराविक पातळीवर नुसत्या स्फटिकातलं वळण नाहीसं व्हायचं. तेवढंच चित्र टाकलं असतं तर खोबण रिकामी दिसली असती. खोटं काहीच नसतं त्यात, फक्त पातळी मी निवडलेली. मी ते चित्र बनवलं. फाइलला नावसुद्धा दिलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला सांगत होते की शेपूट असलं तरी ते वळलेलं आहे, म्हणजे खोबण वळवते हे सिद्धच होतं. हा युक्तिवाद मला दुपारपर्यंत पुरला. संध्याकाळी वाटलं, आपल्याला कोण विचारणार. निपाणीच्या सरकारी शाळेतून आलेली मुलगी चुकली, तर लोक म्हणतील, चुकणारच. आणि नाही सांगितलं, तर कुणाला कळणारही नाही. दोन्हीकडून मला माझाच राग येत होता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी डबा घेऊन माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढली.

"आज चार दिवस झाले, यंत्राची पाळी मागितली नाहीस. भांडलीही नाहीस. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मॅडमनी सांगितलं, रिकामं चित्र पाहिजे म्हणून. झालं काढून?"

ते भात कालवत राहिले.

"मी विज्ञान शिकलो नाही, अक्का. डिप्लोमा माझा. पण चोवीस वर्षं हे यंत्र बघतोय. ज्याचं चित्र चांगलं येतं तो पळत येऊन दाखवतो. ज्याचं येत नाही तो पण येतो, माझ्या यंत्राला शिव्या द्यायला. तू दोन्ही केलं नाहीस."

मग मी त्यांना दाखवलं. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी, कळ दाबून शेजारचं प्रथिनसुद्धा. त्यांना सगळं समजायला दोन मिनिटं लागली नाहीत.

"अय्यो," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "दोन्ही स्फटिकांचे मूळ ठिपके माझ्याकडे पण आहेत. मी कधी काही पुसत नाही. तुला सांगून ठेवतो, नुसतं."

धमकी नव्हती ती. तरी मला ती धमकीसारखी लागली आणि मी रागाने म्हटलं, "मी काय लपवणार आहे असं वाटतं का तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. तू जेव आधी."

त्या संध्याकाळी घरी आईला सांगितलं. तिला ते प्रथिन, शेजारी, शेपूट यातलं काय कळलं देव जाणे, पण मुख्य ते लगेच कळलं.

"म्हंजे न्हाई सापडलं."

"नाही."

"मग फोन कशाला करायला लावलास?"

"मी नव्हतं लावलं. तू केलेस."

"तूच म्हनलीस की सापडलं. आता मी काय सांगू त्यास्नी? हॉल बगून ठेवलाय बायकांनी."

"सांग, चुकलं म्हणून."

"कुनाचं चुकलं?"

"माझं."

तिने गॅस बारीक केला, मोठा केला. मग म्हणाली, "दुसरं कुनाला ठावं हाय?"

"अण्णांना."

"मॅडमना?"

"उद्या सांगणार."

"आन् त्यांनी काडून टाकलं तर?"

तिला मी काहीतरी धीराचं बोलावं असं वाटत होतं, आणि मला वाटत होतं तिने बोलावं. भाकरी मात्र तिने त्या दिवशी माझ्या ताटात गरम गरम एकेक वाढली, स्वतः शेवटी जेवली. एरवी आम्ही बरोबर बसतो.

शुक्रवारी सकाळी मॅडम निबंधाबरोबर पाठवायचं पत्र लिहीत होत्या. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे पाठवता येणार नाही." मग सगळं सांगितलं. शेपूट, शेजारी, आठ महिने पडलेला डेटा. आणि ते पातळी निवडून बनवलेलं चित्रही दाखवलं. ते दाखवायची गरज नव्हती. पण फाइल तिथे होती, आणि ती गुपचूप पुसून आल्यावर मी निम्मंच सांगितल्यासारखं झालं असतं.

मॅडमनी स्वतः माऊस हातात घेऊन खोबण चारी बाजूंनी फिरवली. मग त्यांनी माझी जुनी वही मागितली. पानं उलटून त्या सहीच्या पानापाशी थांबल्या.

"ही माझी सही," त्या म्हणाल्या. "हे बाजूला मराठीत काय लिहिलंयस?"

समासात मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कंटाळा आला, राहू दे शेपूट. मी त्यांना अर्थ सांगितला.

त्या हसल्या नाहीत. "हे चित्र कधी बनवलंस?" पातळीवाल्या चित्राबद्दल विचारत होत्या.

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो मॅडम."

"त्या तीन दिवसांबद्दल मी तुला काही विचारणार नाही. पण ते विसरू नकोस." मग पत्राची खिडकी बंद करून म्हणाल्या, "मुदतवाढीचा अर्ज लिही. कारणात हेच लिही, जसं आहे तसं. मिळेल असं मी सांगत नाही."

मुदतवाढ मिळाली. एक वर्षाची, विद्यावेतनाशिवाय. त्या वर्षात मी संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या एका अपार्टमेंटमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. आईने निपाणीला फोन करून काय सांगितलं ते मला तिने कधी सांगितलं नाही. फोन केला एवढं खरं, कारण त्यानंतर हॉलचं नाव निघालं नाही.

काम पहिल्यापासून. यावेळी शेपूट जोडलंच नाही. मग प्रथिन शुद्ध करायची सोपी वाट बंद, जुन्या पद्धतीने करावं लागतं. आधी मिठाने साका बसवायचा, मग एकामागून एक चार नळ्यांतून गाळायचं, आणि हे सगळं थंड खोलीत. बाहेर बेंगळूरचा मार्च, आत चार अंश. मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून तिथे उभी राहायची. अण्णा दारातून डोकावून म्हणायचे, "अक्का, काश्मीरला किती दिवस राहणार?" पहिल्या पाच वेळा हाती काहीच लागलं नाही. सहाव्या वेळी नळीच्या तळाशी जे आलं ते नखाएवढं होतं, पण स्वच्छ होतं.

स्फटिक आले ते वेगळ्या आकाराचे, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले. नकाशात धुकं नव्हतं. खोबण रिकामी होती. साखळीत भिजवून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, तरी रिकामीच राहिली. साखळी आत बसलेली मला शेवटपर्यंत दिसली नाही. दिसलं ते पाणी. या नकाशात पाण्याचे एकेक रेणूही ठिपक्यांसारखे दिसत होते. खोबणीच्या तोंडाशी ते दाटीने उभे होते आणि आत, जिथे साखळीचं टोक बांधलं जातं तिथे, एकही नव्हता. तोंडात एक जाडजूड तुकडा आडवा आलेला होता, ट्रिप्टोफॅनचा, दारात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. तो काढून तिथे अगदी लहान तुकडा बसवून मी एन्झाइम पुन्हा बनवलं. त्या एन्झाइमला साखळी दिली तर कडी नावापुरती झाली, बाकी सगळी साखळी सरळच्या सरळ बाहेर पडली. पाणी आत शिरत होतं.

एवढंच माझं संशोधन. साखळी कशी वळते हे मला सांगता आलं नाही. ती वळेपर्यंत पाण्याला बाहेर कोण ठेवतं, हे सांगता आलं. पहिल्या दाव्याच्या मानाने हे लहान आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण हे कुणीही, कुठेही, पुन्हा करून बघावं. तेच येईल.

प्रबंधात तिसरं प्रकरण मी त्या शेपटावर लिहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, परिशिष्टात टाकलंस तरी चालेल. मी प्रकरण केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच उघडलं आणि विचारलं, "हे इतकं सविस्तर कशासाठी?" मी म्हटलं, "सर, शेपूट न कापता काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी शेजारी बघावं म्हणून." त्यांनी पुढचं पान उलटलं. आई मागच्या रांगेत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. परीक्षा संपल्यावर मला म्हणाली, "त्या मानसानं विचारलं तवा तुझा आवाज चढला हुता. मोठ्या मानसाशी असं बोलू ने." आणि मग, जिना उतरता उतरता, "पर बरं बोल्लीस."

शेवटचं एक काम राहिलं होतं. प्रथिनांचे आकार एका जागतिक कोठारात जमा करावे लागतात, म्हणजे कुणालाही ते उतरवून घेऊन तपासता येतात. नवा आकार द्यायचाच होता. मी जुनाही दिला, तो भिजवलेल्या स्फटिकाचा, धुक्याचा. कुणी मागितला नव्हता. खोबणीतून माझी साखळी काढली, तिथे शेजारच्याचं शेपूट तुकड्या तुकड्याने नीट बसवलं आणि अर्ज भरायला बसले. एका रकान्यात विचारलं होतं, खोबणीत कोणता रेणू आहे. मी लिहिलं, कोणताही नाही, शेजारच्या प्रथिनाचं न कापलेलं शेपूट. खाली हा आकार कुणी काढला त्याचा रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण, आणि पाठवून दिलं.